वाशीमची बाई येऊन राह्यली

माझ्या कामाबद्दल सांगितले की ऐकणारा आधी एक प्रश्न विचारतो आणि मग थोडे थांबून दुसरा. पहिला असा की, तीन-चार वर्षांच्या पोरांना शिकवायचे काय असते? आणि दुसरा, बरे, त्या पोरांना सांभाळणाऱ्या बायांना तरी शिकवायचे काय असते? त्यांच्या घरी पोरे नाहीत का? आमचे यजमान वाशीमच्या कोर्टात कारकून आहेत. लग्नाला वीस वर्षे होऊन गेली, तरी हा दुसरा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला अजून अधूनमधून दिसतो.

म्हणून तेवढे आधी उरकते. घरात पोरे असतात दोन, फार तर पाच. बालवाडीत असतात पस्तीस. जागा म्हणजे बहुधा देवळाचा ओटा. त्याला भिंती नाहीत, दार नाही, समोरून बकऱ्या जातात, आणि पस्तीसही जणांच्या आया डोळ्यांदेखत निंदणाला निघालेल्या असतात. बाईंच्या हाताशी एक घंटा, रंगवलेल्या चिंचोक्यांचा डबा, चिंध्यांच्या बाहुल्या आणि वाटायची सुकडी. सकाळी दहाला पस्तीसांपैकी सात रडत असतात, तीन पळत असतात आणि एक चावत असते. चावणारे सहसा एकच असते. दोन असली तर ती एकमेकांना चावतात आणि प्रश्न मिटतो.

अशा वेळी बाईंनी काय करायचे, हे शिकवणे माझे काम. सत्तर सालानंतर आमच्या संस्थेने आसपासच्या खेड्यांत वीस बालवाड्या काढल्या. निवडलेल्या बायांना कारंज्याला महिनाभर शिकवायचे आणि मग वर्षभर त्यांच्या गावी भेटी द्यायच्या. हुद्दा पर्यवेक्षिका. एका हातात काळी पिशवी, दुसऱ्या हातात छत्री आणि पिशवीत वही.

वही महत्त्वाची. मला याद्या करायची सवय आहे. काय आणायचे, कोणाला काय सांगायचे, कोणी काय केले नाही, अशा तीन याद्या माझ्या वहीत कायम चालू असतात. भेटीला गेले की मी आधी मुलांची नावे विचारून लिहून घेत असे. मुलाला नावाने हाक मारली की अर्धे काम होते, हा माझा ठाम सिद्धान्त. तो आजही खरा आहे. त्याचे पुढे काय झाले ते येईलच.

कारंज्यात आमचा वर्ग एका जैन शेठजींच्या धर्मशाळेत भरत असे. जागा स्वच्छ, पाणी गाळलेले, माणसे देवासारखी. अट एकच होती, आवारात कांदा-लसूण आणायचा नाही. खेड्यातून आलेल्या वीस बाया पहिले चार दिवस गप्प जेवल्या. पाचव्या दिवशी वर्गात कोणाचेच लक्ष लागेना. सहाव्या दिवशी मला कळले की मणी आणि बाहुल्या ठेवायच्या पेटीत तळाशी लसणाच्या चटणीचा डबा आहे आणि जेवायच्या आधी एकेक जण "बाहुली बघून येतो" म्हणून उठते. आमच्याकडे बायाही येतो-जातोच म्हणतात. मी डबा आवाराबाहेर रसवंतीवाल्याकडे ठेवायला लावला आणि त्या दिवशीचा धडा तिथूनच सुरू केला. म्हटले, मूल खोडी का करते? त्याला काहीतरी हवे असते म्हणून. तुम्हाला लसूण हवा होता. त्याला काय हवे आहे ते शोधा, मग खोडीचे बघू. हा धडा त्या कधी विसरल्या नाहीत.

शिकवायची पद्धत माझी मीच बसवली होती. बायांपैकी एक शिक्षिका व्हायची आणि बाकीच्या मुले. प्रत्येक मुलाला मी चिठ्ठी देत असे. एकीवर लिहिलेले असे 'रडणारे', दुसरीवर 'पळणारे', कुठे 'ढकलणारे', कुठे 'तोंडातून शब्द न काढणारे'. मंगरूळकडची एक फार लाजरी बाई होती. तिला मुद्दाम 'चावणारे' दिले. तिने शिक्षिका झालेल्या बाईच्या दंडाला असा चावा घेतला की आयोडीन आणावे लागले. विचारले तेव्हा म्हणाली, "चिठ्ठीवर लिवलं होतं, बाई." त्या वेळी मी हसले. लिहिलेले अगदी शब्दशः पाळणाऱ्या बायांपुढे आपण काय लिहितो याचा विचार करावा, हे तेव्हाच सुचायला हवे होते.

युक्त्या साध्या असत. पोरांचा आवाज चढला की आपला उतरवायचा, म्हणजे ऐकण्यासाठी ती गप्प होतात. ओरडायचे नाही, जवळ जाऊन बसायचे. नीट बसलेल्याचे नाव घ्यायचे, हुंदडणाऱ्याकडे काणाडोळा करायचा. 'पळू नको' म्हणायचे नाही, 'हळू चाल' म्हणायचे. जे पोर सगळ्यांत जास्त छळते त्याला एखादे काम सोपवायचे. ही शेवटची युक्ती एका बाईने फारच मनावर घेतली. तिच्याकडचा एक दांडगा मुलगा सगळ्यांच्या चपला फेकत असे, तिने त्यालाच चपलांचा राखणदार केले. त्याने इतकी चोख राखण केली की एक वाजला तरी कोणालाही चप्पल मिळेना, आणि तीस मुले अनवाणी घरी गेली.

बाया या युक्त्या घरीही वापरून बघत. काणाडोळ्याचा प्रयोग एकीने नवऱ्यावर केला. महिन्याच्या बैठकीला तिला विचारले, काय झाले? म्हणाली, तीन दिवस काणाडोळा केला, त्याच्या ध्यानातच आलं नाई.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पोर गप्प करायचे म्हणजे त्याला कशाची तरी भीती घालायची, ही रीत घरोघरी. मारही असेच, पण मार बंद करणे त्या मानाने सोपे होते. भीती चिवट. त्या काळात देवीची लस टोचणारे गावोगाव फिरत. देवी आता गेल्या म्हणतात, पण तेव्हा सुईवाला आला म्हटले की पोरे ज्वारीच्या कणग्यांमागे लपत. मी ठरवले की या बाबतीत मोघम बोलायचे नाही. फळ्यावर यादीच लिहिली, मुलांना कोणाकोणाची भीती घालू नये. पोलीस, बागुलबुवा, भूत, झोळीवाला गोसावी, डॉक्टर, सुईवाला, अस्वलवाला, कोंडायची खोली, मारका गोऱ्हा, बाप आणि देव. बरोबर अकरा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतली, मी एकेकीची वही तपासली आणि सही केली.

त्या वीसजणींत एक कौसल्या होती. इंझोरीला एस.टी.तून उतरायचे आणि पुढे बैलबंडीने जायचे, असे तिचे गाव. नाव लिहीत नाही, कारण तिथले लोक दिवाळी अंक वाचतात. कौसल्या सातवी झालेली, बावीस-तेवीस वर्षांची. नवऱ्याच्या माराला कंटाळून भावाकडे आली होती. भाऊ वाईट नव्हता, पण गावाच्या बोलण्याने बेजार होता. त्याने तिला सांगून ठेवले होते, बालवाडीची नेमणूक पक्की झाली तर राहा, नाही तर मी स्वतः बंडी जुंपून तुला सासरी नेऊन सोडतो. नेमणूक सहा महिन्यांच्या बोलीवर असे. तेवढ्या काळात माझ्या भेटी आणि शेवटी समितीची तपासणी, त्यावर ती पक्की व्हायची किंवा सुटायची. हे तिने मला रडून वगैरे सांगितले नाही. वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. मला ती तिथेच आवडली.

पहिल्या भेटीला तिच्या ओट्यावर हलकल्लोळ होता. दोन मुले घंटेसाठी भांडत होती, एक देवळाच्या कठड्यावर चढले होते आणि कौसल्या मधोमध उभी राहून हलक्या आवाजात गाणे म्हणत होती. ते कोणालाही ऐकू येत नव्हते. हलका आवाज हा माझाच धडा, त्यामुळे मला काही बोलता येईना. शेरा लिहिला, 'प्रयत्न आहे, शिस्त नाही.' तो वाचून तिचा चेहरा उतरला.

दीड महिन्याने पुन्हा गेले. बंडी वेशीत शिरली तेव्हाच देवळाकडून काही ऐकू येईना, म्हणून मला वाटले आज सुट्टी दिसते. जाऊन बघते तर एकतीस मुले चार ओळींत बसलेली. हाताची घडी, पाठ ताठ, नजर समोर. माशी बसली तरी हलत नव्हती. मी नावे विचारली, त्यांनी एकेक करून पुटपुटत सांगितली, मी लिहून घेतली. पुढच्या ओळीत चार वर्षांची यमुना होती, तिला सगळे यमी म्हणत. तिच्याखाली ओल पसरली तरी ती जागची हलली नाही. मी वहीत लिहिले, 'एका मुलीस लघवीची सवय लावणे आवश्यक.' आणि भेटीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिले, 'उत्तम शिस्त. इतर बालवाड्यांनी आदर्श घ्यावा.'

नुसते लिहून थांबले असते तर बरे. महिन्याची बैठक कारंज्याला होती. तिथे मी सगळ्यांसमोर कौसल्याचे कौतुक केले आणि म्हटले, आता तुम्ही ही शिस्त कशी लावली ते इतर भगिनींना सांगा. तिने माझ्याकडे बघितले आणि विचारले, "सांगू?" म्हटले, अगदी मोकळेपणाने सांग. तेवढ्यात सुकडीची पोती आली, म्हणून ती मोजून यादी करायला मी बाहेर व्हरांड्यात गेले. आतून बायांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला वाटले, वर्ग कसा रंगला आहे.

त्यानंतर दोन महिने माझ्या बहुतेक बालवाड्यांत शिस्त वाढत गेली. मी जाई तिथे हाताची घडी. वाशीमला आल्यावर यजमानांना सांगत असे की पद्धतशीर शिकवले की असा फरक पडतो. ते "असेल" म्हणत.

मग एक दिवस कारंज्याहून एस.टी.ने इंझोरीला निघाले होते. शेजारी एक बाई बसली, मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. तो खिडकीसाठी रडू लागला. तिने त्याला थोपटले, गूळ दिला, ऐकेना. तेव्हा ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "चूप राय. वाशीमची बाई येऊन राह्यली."

मुलगा गप्प झाला.

मी विचारले, कोण हो ही वाशीमची बाई?

"हाये एक," ती म्हणाली. "भल्ली लंबी. डोयाले चष्मा, हाती काया रंगाची थैली. जे पोट्टं रडते त्याचं नाव वहीत लिवते अन् सुईवाल्याले नेऊन देते."

"थैलीत काय असतं?"

"सुया असतीन, माय. दुसरं काय?"

तुम्ही तिला पाहिले आहे का, असे विचारल्यावर तिने अंगावर काटा आल्यासारखे केले. म्हणाली, कायले पाहू, तिचं तोंड पाह्यलं त लेकरू तीन दिवस तापानं फणफणते. मी पायाने पिशवी बाकाखाली सारली आणि धूळ पुसण्याच्या निमित्ताने चष्मा काढला. बाईला काहीच वाटले नाही. मुलगा मात्र इंझोरी येईपर्यंत माझ्याकडे टक लावून बघत होता.

ओट्यावर पोचेपर्यंत मी रागाने काय काय बोलायचे याची यादी मनात करून ठेवली होती. मुलांना घरी पाठवले आणि कौसल्याला सरळ विचारले, तू पोरांना माझी भीती घालतेस?

"हाव," ती म्हणाली.

मी म्हटले, तुला यादी लिहून दिली होती, त्यावर माझी सही आहे. ती आत गेली, वही घेऊन आली, पान उघडून माझ्यासमोर धरले.

"अकरा हायेत. मी एकबी नाई घेतला. पोलीस नाई, भूत नाई, देव नाई. तुमचं नाव यादीत नवतं, बाई."

मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. खरोखरच नव्हते.

"अन् मी खोटंबी नाई बोललो. मी निसतं म्हनलं, बाई येऊन राह्यली, अन् नाव लिवून घेते. तुमी येता, अन् लिवून घेता. सुया गावानं घातल्या."

मी म्हटले, पण का? ती म्हणाली, "मंग काय करू? पोट्टे आयकत नाईत, अन् मी मारत नाई. मार कसा असते ते मले ठाऊक हाये."

माझी रागाची यादी तिथेच संपली. परतीच्या वाटेवर मला ओल्या जमिनीवर हाताची घडी घालून बसलेली यमी आठवली, आणि तिच्याबद्दल मी काय लिहिले होते तेही. सवय लावणे आवश्यक. भीतीने मूल जागचे हलू शकले नाही, आणि मी त्याची नोंद अस्वच्छता म्हणून केली. पुढच्या आठवड्यात मी बाकीच्या बालवाड्यांत चौकशी केली. वीसपैकी तेरा ठिकाणी मी चालू होते. माझ्याच सभेत, माझ्याच आग्रहावरून शिकवले गेलेले हे एकच तंत्र इतक्या ठिकाणी टिकले होते.

कौसल्याची तपासणी दहा दिवसांवर आली होती. समितीत संस्थेच्या दोन बाया आणि वरचे एक साहेब होते. साहेबांचा दंडक सगळ्यांना माहीत होता. मुले बोलकी हवीत, आपणहून जवळ यायला हवीत. आणि नियमाप्रमाणे पर्यवेक्षिका हजर पाहिजे. म्हणजे मी गेले की मुले मुकी होणार, आणि कौसल्या बंडीत बसून सासरी जाणार. मी पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि तपासणीच्या दोन दिवस आधीच तिच्या भावाच्या घरी जाऊन राहिले. कौसल्याला बजावले, आजपासून माझे नाव घ्यायचे नाही. ती म्हणाली, नाई घेत.

पहिल्या दिवशी मी ओट्याच्या पायरीवर बसून हसले. मुले देवळामागे गेली. मी तिकडे गेले तर ती पुढे आली. हलक्या आवाजात गाणे म्हटले, त्यावर एक मूल निंबावर चढले आणि कौसल्याचा भाऊ येईपर्यंत उतरले नाही. एकेकाला नावाने हाक मारली, ते तर सगळ्यांत वाईट ठरले, कारण नाव मला पाठ आहे म्हणजे ते वहीत आहे, हे त्यांना पक्के कळले. शेवटी लेमनच्या गोळ्या ठेवून लांब जाऊन बसले. मुलांनी एक गोळी उचलून बकरीला चारली आणि गोल करून बकरीकडे बघत बसली. बकरीला काही झाले नाही. तरी त्यांनी बाकीच्या गोळ्यांना हात लावला नाही. बकरीने मात्र दिवसभर माझी पाठ सोडली नाही.

माझा सगळा अनुभव एका दुपारी संपला. मी ओट्यावर टेकले. कौसल्या म्हणाली, "बाई, कारंज्यात करत होतो तसं करू. उद्या तुमी पोट्टं व्हा."

मी विचारले, कोणते? चावणारे?

"नाई. रडनारं. चावनारं तुमाले नाई जमायचं."

दुसऱ्या दिवशी सगळी मुले आल्यावर तिने मला हाताला धरून आणले आणि नवीन नाव दाखल करावे तशी मागच्या ओळीत बसवले. पिशवी, चष्मा, वही घरी ठेवायला लावली होती. चष्म्याशिवाय मला फारसे दिसत नाही, त्यामुळे निम्मे रडू खरेच होते. मी तोंडावर पदर घेतला आणि मले घरी जाऊ द्या, मले घरी जाऊ द्या, असे सुरू केले.

आणि मग मी कौसल्याचे काम मुलांच्या उंचीवरून पाहिले. तिने मला गप्प बस म्हटले नाही. समजूतही घातली नाही. कारंज्यात मी समजुतीवर दोन दिवस घालवत असे. ती नुसती शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि इतर मुलांबरोबर गाणे म्हणत राहिली. तो हात तिथेच होता. मला लहान मुलासारखे कोणी थोपटल्याला किती वर्षे झाली होती कोण जाणे. मी नाटक विसरले, हे मान्य करते. थोड्या वेळाने ती म्हणाली, आता मडक्यापाशी बसजा, पानी कोन पेते ते पाह्यजा. मी डोळे पुसून मडक्यापाशी जाऊन बसले.

मुले आधी लांबून बघत होती. मग एकेक जण तहान नसताना पाणी प्यायला येऊ लागले. यमी आली, तिने पाणी घेतलेच नाही. झग्याच्या टोकाने माझे तोंड खरखरीत पुसले आणि म्हणाली, "रडू नोको. तुई माय वावरात गेली. येते."

तपासणीच्या दिवशी साहेब आणि दोन बाया जीपमधून उतरल्या. भाऊ बंडी जुंपून देवळाच्या कोपऱ्यावर उभा होता. ती बंडी मला पोचवायला होती की कौसल्याला, हे दुपारपर्यंत ठरायचे होते. मी ओळीत माझ्या जागेवर बसले. साहेबांनी बघून न बघितल्यासारखे केले.

कौसल्याने वर्ग छान घेतला. एक मूल रडले, ती त्याच्याशेजारी जाऊन बसली. एक पळाले, त्याला घंटा वाजवायचे काम मिळाले. मुले हसत होती, एकमेकांवर पडत होती, एकाने साहेबांच्या बुटाची नाडी सोडली. पण साहेबांचा आवाज मोठा. त्यांनी हजेरीपुस्तक उघडले आणि गाणे चालू असतानाच संस्थेच्या बायांना आकडे वाचून दाखवू लागले. यमी उठली. त्यांच्यासमोर जाऊन, मान पूर्ण मागे टाकून वर बघत म्हणाली, "चूप बस. नाई त वाशीमची बाई येईन अन् तुयं नाव लिवून नेईन."

गाणे थांबले. कौसल्या पांढरी पडली. तिने दोन दिवस शब्द पाळला होता, पण यमीला तसे कोणी सांगितले नव्हते.

साहेबांनी पुस्तक मिटले. मला म्हणाले, ही वाशीमची बाई कोण? मग यमीकडे वाकून, माझ्याकडे बोट दाखवून विचारले, "ह्याच का?"

यमीने माझ्याकडे नीट बघितले.

"ह्या नाई," ती म्हणाली. "ह्या आमच्या शायेत हायेत. लय रडतात."

संस्थेच्या बाया हसल्या. साहेब हसले नाहीत, ते उत्तराची वाट बघत होते. खरे तर यमीने मला सुटायला वाट करून दिली होती. मी गप्प बसले असते तर प्रकरण तिथेच मिटलेही असते. पण पुस्तकात माझ्या अक्षरांत 'उत्तम शिस्त' लिहिलेले होते, आणि तीच शिस्त खरी मानून कोणी पुढेमागे कौसल्याकडून मागितली असती तर? मी उठले, गुडघे झटकले आणि सगळे सांगितले. यादी, सभा, एस.टी., बकरीसुद्धा. म्हटले, तो शेरा चुकीचा आहे. त्या दिवशी मुले शिस्तीत नव्हती, भ्यालेली होती, आणि भीती माझी होती. आज तुम्ही बघताय ते या बाईचे काम आहे. भीती न घालता, न मारता, साहेबांसकट सगळ्यांना गप्प करण्याइतके धीट मूल तिने तयार केले आहे. कापायचे तर माझे नाव कापा.

साहेबांनी पुस्तक मांडीवर घेतले आणि बराच वेळ लिहिले. मग सही करून कौसल्याच्या हातात दिले आणि जीपकडे गेले. तिने बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचला. पहिला शेरा असा होता: 'मुले निर्भय व बोलकी. सेविकेची नेमणूक कायम करावी.' तिने तो दोनदा वाचला आणि कोपऱ्यावरच्या भावाकडे बघितले. भावाने नुसती मान हलवली आणि बैलांच्या गळ्याखाली खाजवू लागला.

दुसरा शेरा तिने मनात वाचला. मग पुस्तक माझ्यासमोर धरले. 'पर्यवेक्षिकेने या बालवाडीस पुढील सहा महिने भेट देऊ नये.' इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामावर लेखी आलेला हा एकमेव शेरा. तो अन्यायाचा आहे असे मी तेव्हाही म्हटले नाही, आजही म्हणत नाही.

मी बंडीत बसले. वेशीपर्यंत कौसल्या बंडीच्या कडेने चालत आली. काहीतरी विचारायचे होते, पण जीप समोरून जाईपर्यंत ती थांबली.

"बाई, सा महिने तुमी नाई याच्या."

मी म्हटले, हुकूमच आहे.

"अन् एखांदं पोट्टं आयकलंच नाई त?"

खरे म्हणजे इथे मी बंडी थांबवून तिला अर्धा तास सुनवायला हवे होते. मी मागे वळून बघितले. जीपची धूळ खाली बसली होती, भाऊ बैलांशी बोलत होता, ऐकणारे कोणी नव्हते.

"वाशीमच्या बाईले बलावजो," मी म्हटले.